मृत्युपत्र

मृत्युपत्र : आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी लागावी, याविषयी मनुष्याने हयातीत, शाबूत बुद्धीने व राजीखुशीने करून ठेवलेला लेखी दस्तऐवज, यासच इच्छापत्र असेही म्हणतात. ज्ञानेश्वरांची पालखी पंढरीच्या वाटेवर जेथे मुक्काम करते त्या नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) गावी ‘निरवानिरव’ हा शब्द कोणास परका नाही, परंतु ती कागदावर उतरविणे बहुतेकांस अभद्र वाटते, आणि मग केवळ तोंडी वाटणीवर विसंबलेल्या घरात, कर्ता पुरुष निवर्तताच, सातबाऱ्यावर साऱ्या वारसांची नावे चढून बांधाचा तंटा दिवाणी न्यायालयाच्या पायरीपर्यंत जातो.

भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्रावर करणाराची सही अथवा निशाणी आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. शाईत बुडविलेला म्हाताऱ्याचा अंगठाही येथे सहीइतकाच सबळ होय; मात्र साक्षीदार करणाराहून वयाने लहान असावेत हे शहाणपणाचे, कारण पुढे शाबितीस तेच उभे राहावयाचे असतात. दुय्यम निबंधकाकडील नोंदणी ऐच्छिक आहे.

देहाच्या अखेरच्या उपचारांविषयीचे आगाऊ निर्देश ही निराळी बाब. त्यांस सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली व 2023 मध्ये त्यांची जाचक कार्यपद्धती सुलभ केली.

मृत्युपत्र करणारास ते केव्हाही रद्द करता अथवा बदलता येते. त्यास मुद्रांक लागत नाही.