दाराबाहेर कोण?

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात जमेका नावाची वस्ती आहे. १९६६ साली तेथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. रुग्णालयातील पाळ्या अवेळी. पती अल्बर्ट ब्राउन इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ, त्यांनाही पुष्कळदा रात्री घराबाहेर राहावे लागे. त्यामुळे घरात एकटीने रात्र काढण्याचे प्रसंग नित्याचेच. वस्तीत चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या, आणि पोलिसांना बोलाविले तर ते वेळेवर येतीलच असा भरवसा नाही. दारावर थाप पडली की बाहेर कोण उभे आहे हे पाहण्यासाठी दाराशी जावे लागे; आणि नेमके दाराशी जाण्याचेच भय वाटे.

हे भय काही नवे नव्हते. विजेच्या साहाय्याने त्यावर तोड काढण्याचा उद्योग अमेरिकेत त्याआधी शंभराहून अधिक वर्षे चालू होता. बोस्टनजवळच्या सोमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप याने २१ जून १८५३ रोजी विद्युत्-चुंबकीय गजराचे पेटंट मिळविले. त्याची रचना मोठी सुटसुटीत होती. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पूर्ण होई, चुंबकाला जोडलेली हातोडी थरथरू लागे आणि घंटा घणघणे. चोराने घाबरून दार पुन्हा लावून घेतले तरी घंटा थांबत नसे, ही त्यातली खरी खुबी. १८५७ साली या कल्पनेचे हक्क एडविन होम्स नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. हा गृहस्थ पूर्वी स्त्रियांच्या घेरदार झग्यांना आकार देणाऱ्या तारांच्या सांगाड्यांचा व्यापार करीत असे. घरात वीज खेळवावयाची तर तारेला आवरण हवे. तेव्हा झग्यांच्या तारेवर सुताचे वेष्टण चढविणाऱ्या कारागिरांकडूनच त्याने आपली तार तयार करून घेतली. पुढे १८५९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. चोर तिकडेच अधिक, असा त्याचा रोकडा हिशेब असल्याचे सांगतात.

होम्सने केलेला खरा बदल मात्र घंटेच्या जागेचा होता. घरातली घंटा वाजून उपयोग काय, जर ती ऐकणारा धनी परगावी असेल? म्हणून घराघरांतून निघालेल्या तारा त्याने एका मध्यवर्ती कचेरीत नेल्या. तेथे रात्रभर माणसे बसत, आणि इशारा मिळाला की पहारेकरी धावत. १८७७ साली बोस्टनमध्ये त्याच्या मुलाने याच तारांवर टेलिफोनची जोडणी करून दाखविली. दिवसा त्या तारांवरून संभाषण चाले आणि रात्री त्याच तारा पहारा करीत. टेलिफोनच्या मध्यवर्ती केंद्राचा आरंभ अशा रीतीने चोरांच्या कृपेने झाला, असे म्हटले तरी फारसे बिघडणार नाही.

तथापि ही सोय पेढ्या, सराफी दुकाने आणि धनिकांचे वाडे यांच्यापुरतीच होती. भिंती फोडून तारा घालावयाच्या, महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरावयाची, हे सामान्य भाडेकऱ्याला झेपणारे नव्हते. मुंबईत १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना काढला तो याच काळात. आपल्याकडे मनुष्यबळ स्वस्त असल्याने भक्कम कुलूप आणि दाराशी एक रखवालदार एवढ्यावर श्रीमंतांचे भागत असे. गरिबाच्या घरी रखवालीचे काम आजीबाईंच्या जागरणावर सोपविलेले असे.

मेरी ब्राउन यांच्या योजनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १ ऑगस्ट १९६६ रोजी पतिपत्नींनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला. दाराला एकाखाली एक अशी चार छिद्रे. वरचे उंच माणसासाठी, सर्वांत खालचे मुलांसाठी. आतल्या बाजूस एक कॅमेरा, जो यंत्राने वर-खाली सरकून हव्या त्या छिद्रासमोर येई. त्याचे चित्र रेडिओलहरींच्या द्वारे शयनगृहातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटे. बाहेरच्याशी बोलण्याची सोय होती, ओळखीचा निघाला तर अंथरुणावरूनच दाराची कडी सोडण्याचे बटण होते, आणि नको असलेला निघाला तर मदतीसाठी इशारा धाडण्याचे दुसरे बटण होते. २ डिसेंबर १९६९ रोजी ३४८२०३७ या क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. होम्सच्या पद्धतीत घरातील माणसाला काहीच दिसत नसे. पाहण्याचे, ठरविण्याचे काम दूरच्या कचेरीचे. ब्राउन यांनी ते प्रथम घरातील बाईच्या स्वाधीन केले. कचेरीतून लवकर कोणी येत नाही हा अनुभव ज्यांनी घेतला होता, त्यांनाच हे सुचावे यात नवल नाही.

ही योजना मोठ्या प्रमाणावर कारखान्यात तयार झाली नाही. त्या काळचे कॅमेरे अवजड आणि महाग होते. परंतु पुढच्या अनेक पेटंटांत ब्राउन दांपत्याचा उल्लेख आढळतो. मेरी ब्राउन १९९९ साली निवर्तल्या.

मधल्या काळात लहान लहान शोधांनी वाट मोकळी केली. बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये काचेच्या नळीत दोन पातळ पात्या बसवून एक स्विच तयार केला होता; चुंबक जवळ आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. आज बाजारात मिळणाऱ्या दाराच्या संवेदकात बहुधा हीच नळी असते: चुंबक दारावर, नळी चौकटीवर. त्याला बोटाएवढी बॅटरी आणि छोटा प्रेषक जोडला की भिंत फोडण्याचे कारणच उरत नाही. २००६ साली बोस्टन परिसरातच चॅड लॉरन्स या विद्यार्थ्याने भाडेकऱ्यांसाठी असा संच तयार करण्याचे मनावर घेतले, कारण त्याच्या मित्रांच्या खोल्या फोडल्या गेल्या होत्या आणि भाड्याच्या जागेत बसेल असा गजर त्यांना कोठेच मिळेना. त्यातून सिंप्लिसेफ ही कंपनी उभी राहिली. पोपच्या गावापासून हे स्थळ फार दूर नाही.

भारतात या संचांच्या वाटेत भिंतींपेक्षा कायदा आडवा होता. बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने परवाना लागे. साध्या रेडिओसाठीही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागत असे, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. २००५ साली केंद्र शासनाने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा, तसेच वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. म्हणून अमेरिकेतील आप्तांनी प्रेमाने आणलेला संच येथे लावण्यापूर्वी त्याची लहरसंख्या पाहिलेली बरी. तिकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. आपल्याकडे त्यातील काही भाग मोबाइल सेवेच्या वाट्याला आलेला आहे.

निवड करताना आणखी काही गोष्टी येथील घराच्या घडणीवरून ठरतात. दगडी किंवा जाड विटांच्या भिंतींत लहरींचे बळ घटते. लोखंडी दार किंवा जाळी असेल तर चुंबकाचा खेळ बिघडतो. त्यामुळे केंद्र-यंत्र घराच्या मध्यावर ठेवून प्रत्येक दार दोन-चार वेळा उघडून इशारा पोहोचतो की नाही हे पाहिल्याखेरीज स्क्रू पिळू नयेत. चालत्या माणसाच्या अंगची उष्णता ओळखणारा संवेदक खोलीच्या कोपऱ्यात सुमारे सात फूट उंचीवर, खिडकीकडे पाठ करून लावतात. तो मात्र भोवतालच्या आणि शरीराच्या उष्णतेतील फरकावर चालतो. मे महिन्यात नागपूरच्या किंवा दिल्लीच्या बंद घरातील हवाच अंगाइतकी तापते, आणि मग या पहारेकऱ्याला समोरचा माणूस नीटसा दिसत नाही. उलट, भिंगावरून पाल गेली तर तो मध्यरात्री सारे घर उठवितो. अशा प्रदेशात दाराचा चुंबकच अधिक विश्वासू. वीज जाते तेथे केंद्र-यंत्राला स्वतःची बॅटरी हवी, आणि वाय-फाय बंद पडल्यावर इशारा मोबाइलच्या सिमवरून जाईल अशी तजवीज हवी. नाही तर अंधाराची वेळ साधणाऱ्या चोरालाच ती सवलत ठरते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रकरण अधिक नाजूक आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि तत्सम यंत्रे ताब्यात घेतली. युक्ती साधी होती: कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी कधी बदललाच नव्हता. २१ ऑक्टोबर रोजी त्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील एका मोठ्या सेवेवर हल्ला चढविला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे कित्येक तास बंद पडली. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. किल्ल्याच्या दिंडी दरवाजावरचा पहारेकरी फितूर व्हावा तसा हा प्रकार. फरक एवढाच, की येथे किल्ल्याला काही झाले नाही, पहारेकरी दुसरीकडे लढाई करून परत जागेवर येऊन उभा राहिला.

तेव्हा संच बसविताना पहिले काम परवलीचा शब्द बदलण्याचे, आणि दुसरे, कंपनीच्या पत्रकात सहसा न सापडणारे, इशारा मिळाल्यावर कोण येणार हे ठरविण्याचे. होम्सची कचेरी पगारी पहारेकरी धाडीत असे. आजचा स्वस्त संच बहुधा मालकाच्याच खिशातील फोन वाजवितो, आणि मालक त्या वेळी पुण्याचे घर बंद करून बंगळूरला मुलाकडे गेलेला असतो. अशा वेळी शेजारच्या काकूंचा क्रमांक त्या यादीत घातलेला असावा, आणि त्याची कल्पना काकूंनाही दिलेली असावी.