न आलेले हसू : 'डार्क स्टार' आणि प्रेक्षकाच्या अभिप्रायाचा इतिहास

कलाकृती टिकते, तिच्याविषयीचा सामान्य प्रेक्षकाचा अभिप्राय मात्र बहुधा हवेत विरून जातो. समीक्षकाचे परीक्षण छापले जाते, तिकिटांचा हिशोब वितरकाकडे राहतो. परंतु अंधारात बसलेला प्रेक्षक कोठे हसला, कोठे त्याने चुळबूळ केली, कोणत्या क्षणी तो उठून गेला, याची नोंद कोणाच्याच दप्तरी नसते. म्हणूनच अभिग्रहणाच्या इतिहासाची मांडणी करणाऱ्यांना प्रेक्षकाविषयी बोलताना पुष्कळदा प्रत्यक्ष प्रेक्षकाऐवजी संहितेत गृहीत धरलेल्या प्रेक्षकावर भागवावे लागते. 'डार्क स्टार' या अमेरिकन चित्रपटाचे प्रकरण या दृष्टीने अपवादात्मक आहे. तेथे प्रेक्षकाचे न हसणे हीच एक ऐतिहासिक घटना ठरली, आणि तिचा पुरावा पाच वर्षांनी आलेल्या एका दुसऱ्याच चित्रपटात सापडतो.

१९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपटविभागात जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन या दोघा विद्यार्थ्यांनी सोळा मिलिमीटर फिल्मवर हे काम सुरू केले. पुढे 'द ब्लॉब' (१९५८) या चित्रपटाचे निर्माते जॅक हॅरिस यांनी ते विकत घेतले. अधिकचे प्रसंग चित्रित करून लांबी वाढवण्यात आली, फिल्म पस्तीस मिलिमीटरवर नेण्यात आली, आणि सुमारे साठ हजार डॉलरांत उभा राहिलेला हा चित्रपट १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'फिल्मेक्स' महोत्सवात आणि त्यानंतर १९७५ च्या आरंभी चित्रपटगृहांत आला. जगातला सर्वांत प्रभावी विद्यार्थी-चित्रपट अशा रीतीने जगातला सर्वांत निष्प्रभ व्यावसायिक चित्रपट झाला, अशा आशयाचा ओबॅननचा शेरा प्रसिद्ध आहे. त्यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक मर्म उरते. कलाकृती जवळजवळ तीच होती. तिच्यापुढे बसणारा समाज बदलला होता.

चित्रपटाचे कथानक सैनिकी विज्ञानकथेच्या परंपरेतले, परंतु त्या परंपरेवर उलटलेले आहे. यानावर लेफ्टनंट डूलिटल, सार्जंट पिनबॅक, कॉर्पोरल बॉयलर आणि टॅल्बी असे चौघे आहेत. हुद्दे आहेत, पण शिस्त नाही. शस्त्रे आहेत, पण शत्रू नाही. भावी वसाहतींना धोकादायक ठरतील अशा अस्थिर ग्रहांवर बोलणारे बॉम्ब टाकून ते नष्ट करणे, एवढेच त्यांचे काम. प्रवासाला वीस वर्षे लोटली आहेत, त्यांचे वय मात्र तीनच वर्षांनी वाढले आहे. त्यांचा सेनाधिकारी खुर्चीतल्या बिघाडाने मेला असून गोठवून ठेवला आहे. किरणोत्सारापासून बचाव करणारे आवरण पाठवा, ही त्यांची मागणी खर्चकपातीचे कारण देऊन पृथ्वीवरून फेटाळण्यात येते. पैसा नाही म्हणून रखडत बनलेल्या चित्रपटाचा आरंभ पैसा नाही म्हणून मरणाच्या दारी सोडलेल्या सैनिकांनी व्हावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे म्हणता येईल. पिनबॅक हा तर मुळात पिनबॅकच नाही. तो इंधनव्यवस्थेवरचा एक साधा तंत्रज्ञ असून चुकून दुसऱ्याच्या जागी यानावर आला आहे. सक्तीच्या सैन्यभरतीच्या छायेत वाढलेल्या पिढीला हा तपशील परका वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही प्रेक्षक हसला नाही. 'व्हरायटी'ने या चित्रपटाला कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'चे (१९६८) दुबळे विडंबन ठरवले आणि श्रेय दिले ते केवळ थोड्या पैशांत साधलेल्या दृश्यचमत्कृतींना. चित्रपटगृहांतला प्रतिसादही थंडच होता. ओबॅननने पुढे वेळोवेळी सांगितले आहे, की विनोदिका म्हणून रचलेल्या या चित्रपटावर लोक हसत नाहीत याने तो खचून गेला होता.

याउसने १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात मांडलेली अपेक्षाक्षितिजाची कल्पना येथे लगेच आठवते. कुब्रिकच्या चित्रपटाने अंतराळाविषयीच्या अपेक्षा एका विशिष्ट उंचीवर नेऊन ठेवल्या होत्या : शुभ्र, नि:शब्द, भव्य, आणि अर्थात महागडे अंतराळ. 'डार्क स्टार' त्या क्षितिजाखाली पडला, असा निष्कर्ष सोपा आहे. परंतु तो पुरेसा नाही. याउसच्या मांडणीत क्षितिज मोडणारी कृती आधी नाकारली जाते आणि पुढे क्षितिजच बदलवते. येथे मात्र कृती क्षितिजाच्या पलीकडची होती की अलीकडची, हेच प्रेक्षकाला ठरवता आले नाही. अंतराळवीराच्या छातीवर केक भाजण्याचे पत्र्याचे साचे दिसतात. यानात पाळलेला परग्रहावरचा जीव म्हणजे रंगवलेला, हवा भरलेला समुद्रकिनाऱ्यावरचा चेंडू आणि त्याला लावलेले रबरी पंजे. हे विडंबन की दारिद्र्य?

या प्रश्नासाठी अभिनवगुप्ताने केलेली रसविघ्नांची चर्चा अधिक उपयोगी पडते. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी पहिले प्रतिपत्तीच्या अयोग्यतेचे, म्हणजे संभावनाविरहाचे. जे घडणे संभवतच नाही असे प्रेक्षकाला वाटते, तेथे त्याचे चित्त विश्रांत होत नाही. लोकोत्तर कृत्ये दाखवायची तर नायक रामादिकांसारखा प्रख्यात हवा, हा त्यावरचा त्याचा उपाय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेने तेथे संभाव्यता आधीच सिद्ध झालेली असते. विज्ञानकथापटापाशी असा प्रख्यात नायक नाही. तेथे प्रख्यातीचे काम पैसा करतो. यंत्राची झिलई, प्रतिकृतींची सफाई, पडद्याची रुंदी ही संभावनेची साधने होतात. अल्पखर्चाचा चित्रपट हे साधन गमावून बसतो, आणि म्हणून त्याच्यासमोर बसलेला प्रेक्षक रसाच्या आधी खर्चाचा अंदाज घेऊ लागतो. या प्रकारच्या चित्रपटांविषयीच्या अभिप्रायांत कथेइतकीच पैशाची चर्चा का असते, याचे उत्तर येथे असावे.

'डार्क स्टार'ची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. विकृत वेष आणि विकृत आचार हे भरताने हास्याचेच विभाव मानले आहेत. साच्यांचा तो पोशाख हास्याचा विभाव आहे आणि त्याच वेळी संभावनेचे विघ्नही आहे. शिवाय रसाभासांतून हास्य निष्पन्न होते, हे अभिनवगुप्ताचे मत मान्य केले, तर या चित्रपटातला हास्य वीराच्या आभासातून उगवायचा होता. आणि आभास हा आभास म्हणून ओळखू येण्यासाठी आधी मूळ वीर ठसठशीत दिसावा लागतो. साहित्यात ती सोय होती. हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) सर्वांनी वाचलेली होती, म्हणून हॅरी हॅरिसनला 'बिल, द गॅलॅक्टिक हीरो'मध्ये (१९६५) तिची खिल्ली उडवता आली. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ही पार्श्वभूमी असेलच असे नव्हते. त्याने कुब्रिक पाहिला होता, हाइनलाइन वाचलेला नव्हता. सैनिकी कथेचे विडंबन त्याला अंतराळपटाची फसलेली नक्कल वाटली.

याला पुष्टी देणारा एक पुरावा उपलब्ध आहे. १९७६ च्या ह्यूगो पुरस्कारांसाठी विज्ञानकथेच्या चाहत्या वाचकांनी ज्या नाट्यकृतींना नामांकन दिले, त्यांत 'डार्क स्टार' होता. पुरस्कार 'अ बॉय अँड हिज डॉग'ला गेला, ही गोष्ट येथे गौण आहे. त्याच वर्षी कादंबरीचा पुरस्कार मिळाला जो हाल्डेमनच्या 'द फॉरएव्हर वॉर'ला (१९७४). व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या या लेखकाच्या कादंबरीतही सैनिक काही महिने लढतो आणि मागे शतके उलटून जातात. कॅन्सस सिटीतल्या त्या संमेलनाचा सन्माननीय पाहुणा होता खुद्द हाइनलाइन. म्हणजे वीर, वीराचे प्रत्याख्यान आणि वीराचा आभास हे तिन्ही एका छपराखाली, एकाच वाचकवर्गापुढे आले होते. चित्रपटगृहात ज्या चित्रपटाला हसू मिळाले नाही, त्याला तेथे मते मिळाली. अर्थनिर्णय करणारे समुदाय वेगवेगळे असतात, हे स्टॅन्ली फिशचे म्हणणे इतक्या साध्या उदाहरणाने क्वचितच सिद्ध होते.

चित्रपटाचा शेवट या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. विसाव्या क्रमांकाचा बॉम्ब यानाच्या पोटातच अडकतो आणि फुटण्याचा हट्ट धरतो. डूलिटल बाहेर जाऊन त्याला ज्ञानमीमांसा शिकवतो : फुटण्याची आज्ञा मिळाली हे तुला कशावरून कळले? इंद्रियांनी दिलेली साक्ष खरी कशावरून? बॉम्ब विचारात पडतो, माघार घेतो, आणि एकान्तात चिंतन करून या निष्कर्षाला येतो की आपणच तेवढे सत्य आहोत. मग तो फुटतो. आज्ञापालनावर उभ्या असलेल्या सैनिकी कथेचा इतका तर्कशुद्ध विध्वंस त्या काळच्या पडद्यावर दुसरा शोधावा लागेल. कुब्रिकच्याच 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये (१९६४) माणूस बॉम्बवर स्वार होतो. येथे बॉम्बच तत्त्वज्ञ होतो. परंतु हा विनोद ऐकण्याचा आहे, पाहण्याचा नाही, आणि चेंडूवर खिळलेले डोळे कानांना फारशी संधी देत नाहीत.

ओबॅननने प्रेक्षकाचा हा निर्णय स्वीकारला आणि त्यातून एक कामचलाऊ काव्यशास्त्र काढले : लोकांना हसवता येत नसेल, तर निदान किंचाळायला लावावे. थकलेले, पगाराची आणि खर्चाची भाषा बोलणारे खलाशी, त्यांची किंमत न करणारी दूरची सत्ता आणि यानात मोकाट सुटलेला परका जीव ही सारी सामग्री तशीच उचलून त्याने जी पटकथा रचली, तिच्यातून रिडली स्कॉटचा 'एलियन' (१९७९) झाला. चेंडूची जागा छाती फोडून बाहेर येणाऱ्या जीवाने घेतली. बीभत्सातून भयानक उद्भवतो, असे नाट्यशास्त्र म्हणते. येथे तो क्रम अक्षरश: पाळला गेला. मात्र या रसांतरात एक गोष्ट गळाली. सैनिकांचे हुद्दे गेले, त्यांच्या जागी मालवाहू जहाजाचे नोकर आले, आणि युद्धयंत्रणेवरची टीका व्यापारी कंपनीवरच्या टीकेत रूपांतरित झाली. प्रेक्षकाने त्या वेळी हसून दाद दिली असती, तर हे स्थित्यंतर बहुधा घडले नसते.

'डार्क स्टार'ला हसणारा प्रेक्षक अखेर मिळाला, पण तो चित्रपटगृहात नव्हता. १९८० नंतर घरगुती व्हिडिओच्या प्रसाराबरोबर हा चित्रपट छोट्या पडद्यावर पोचला. तोवर कार्पेंटर 'हॅलोवीन'चा (१९७८) दिग्दर्शक म्हणून आणि ओबॅनन 'एलियन'चा लेखक म्हणून नावारूपाला आले होते. जी प्रख्याती १९७५ मध्ये नव्हती, ती आता कर्त्यांच्या नावाने मागाहून जोडली गेली. साचे आणि चेंडू दारिद्र्याची खूण न राहता दोघांच्या उमेदवारीची खूण झाले. लहान पडद्यावर झिलईची अपेक्षाही कमी असते. १९८८ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या 'रेड ड्वार्फ' या अंतराळ-विनोदिकेच्या कर्त्यांनी या चित्रपटाचे ऋण मान्य केले आहे, आणि त्या मालिकेत हसण्याचा आवाज ध्वनिपट्टीवरच होता.