स्पेनच्या मेंढ्यांचा राखणदार

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील 'लास मेनिनास' हे वेलास्केथचे १६५६ सालचे चित्र ज्यांनी निदान छापील स्वरूपात पाहिले असेल, त्यांना त्यात उजव्या हाताला, अगदी पुढे पहुडलेला एक धिप्पाड कुत्रा आठवेल. राजकन्या, तिच्या सख्या, दरबारातील ठेंगू माणसे असा परिवार भोवती आहे; त्यांतला एक त्याला पायाने ढोसतो आहे; पण हा गृहस्थ डोळे मिटून स्वस्थ! हा मास्तीन. राजवाड्यात तो शोभला खरा, पण त्याचे घराणे मेंढवाड्यातले.

मेंढपाळाचा कुत्रा म्हटला की कळपामागे धावून त्याला वळविणारा चपळ प्राणी आपल्या डोळ्यांसमोर येतो. स्पेनमध्ये त्या कामाचे कुत्रे निराळे. लेओन प्रांतात त्यांना 'कारेआ' म्हणतात. मास्तीन मेंढ्या हाकीत नाही, तो त्या राखतो. हाकणाऱ्याला धन्याच्या शिटीकडे कान लावावा लागतो, तर राखणाऱ्याला धनी झोपला असता स्वतःच्या बुद्धीने वागावे लागते. या जातीचा संथपणा, हुकूम ऐकण्यातली दिरंगाई आणि परक्याविषयीचा संशय या साऱ्यांचे मूळ या कामात आहे.

हे काम उत्पन्न झाले ते तिथल्या भूगोलातून. उत्तरेकडील लेओन आणि सोरियाचे डोंगर उन्हाळ्यात हिरवे, पण हिवाळ्यात बर्फाखाली. दक्षिणेकडील एस्त्रेमादुरा हिवाळ्यात हिरवा, तर उन्हाळ्यात करपलेला. म्हणून मेरिनो मेंढ्यांचे कळप वर्षातून दोनदा शेकडो मैल चालत. या लोकरीवर कास्तीयाच्या राज्याचे मोठे उत्पन्न अवलंबून होते. तेव्हा १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढीमालकांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली, आणि कळपांच्या राजरस्त्यांची रुंदी नव्वद वारा, म्हणजे सुमारे पंचाहत्तर मीटर ठरली. शेतकऱ्यांना हा संघ जाचकच वाटला, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती.

साधारण हजार मेंढ्यांच्या कळपामागे पाच माणसे आणि पाच मास्तीन, असा हिशेब असे. कुत्र्याला इजा करणाऱ्यास मेस्ताच्या नियमांत दंड होता. अठराव्या शतकातील वर्णनांप्रमाणे गड्याला रोज दोन पौंड पाव मिळे, आणि कुत्र्यालाही तितकाच. फक्त त्याचा पाव हलक्या प्रतीचा. मला तर मेस्ताच्या साऱ्या सनदांपेक्षा हा शिधाच अधिक बोलका वाटतो. ज्याचे मोल पटलेले असते, त्याचीच भूक हिशेबात धरली जाते.

मास्तीनची खरी चाकरी रात्रीची. दिवसा आळसावलेला हा कुत्रा दिवेलागणीला उठतो, कळपाभोवती फेऱ्या घालतो आणि घोगऱ्या, खोल आवाजात भुंकू लागतो. लांडग्याला ठार मारणे हा त्याचा हेतू नसतो. 'येथे जागे कोणी आहे' हे कळविले की बहुधा काम भागते. प्रसंग आलाच तर लांडगा गळा धरतो. त्यासाठी गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालीत, त्याला 'कार्लांका' म्हणतात. निसर्गानेही मानेखाली सैल कातडीच्या दुहेरी झोळीची सोय केली आहे. पिलू लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवितात, त्यामुळे कळप हेच त्याचे कुटुंब होते.

पुढे मेरिनो मेंढ्या स्पेनबाहेर गेल्या: १७६५ साली साक्सनीला, १७८६ साली फ्रान्समधील रांबुइयेला, आणि १७९७ साली केपमार्गे ऑस्ट्रेलियाला. लोकरीची मक्तेदारी सरली आणि १८३६ साली मेस्ता बरखास्त झाली. मग कळप आगगाडीने जाऊ लागले. विसाव्या शतकात विष व बंदुकीने लांडगा इतका मागे हटला की बऱ्याच प्रांतांत मास्तीनला कामच उरले नाही. जात तगली ती मुख्यतः लेओनसारख्या डोंगरी भागात, जेथे लांडगा टिकून होता. शत्रूने राखणदाराला वाचविले, असेच म्हणावे लागेल!

१९८१ साली या जातीसाठी स्पेनमध्ये संघटना स्थापन झाली आणि मास्तीन प्रदर्शनांत मिरवू लागला. जातीच्या अधिकृत वर्णनात नराची किमान उंची ७७ सेंटिमीटर आणि मादीची ७२ आहे; वरची मर्यादा मात्र नाही, उलट बांधा प्रमाणशीर असेल तर अधिक उंचीचे कौतुकच आहे. येथे मला धोका दिसतो. ज्याला कळपाबरोबर दिवसभर डोंगर चढायचा, त्याला चरबी आणि लोंबती कातडी हा भार होतो. बक्षिसासाठी वाढविलेला देह आणि वाटचालीसाठी घडलेला देह एक नव्हेत.

१९९४ पासून दर शरद ऋतूत माद्रिदच्या भर रस्त्यांतून मेंढ्या नेतात, आणि १४१८ सालच्या करारातील दर, हजार मेंढ्यांना पन्नास माराव्हेदी, महापालिकेला समारंभपूर्वक चुकता करतात. १९९५ च्या कायद्याने जुन्या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखल्या. इकडे लांडगाही पसरतो आहे. २०२१ साली त्याच्या शिकारीवर देशभर बंदी आली; २०२५ साली दुएरो नदीच्या उत्तरेस ती संसदेने उठविली, आणि पशुपालक व निसर्गप्रेमी यांचा वाद चालूच आहे. या वादात मास्तीनला मत नाही. पण कायदा कोणताही असो, रात्री कळपाशी त्यालाच जागावे लागते. डोंगरवाटांनी जाणाऱ्या प्रवाशांना तेथे सांगतात, की कळपामधून जाऊ नका, लांबून वळसा घाला, आणि कुत्रा सामोरा आलाच तर पळू नका, सावकाश मागे सरा.