बोन्सायच्या पुस्तकातली झाडे कुठून आली

बोन्सायच्या बहुतेक पुस्तकांत शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे झाडांची नावे, पुढे ऊन, पाणी, छाटणी आणि कुंडी बदलण्याचा महिना. काळा पाइन, ज्युनिपर, मेपल, लार्च, बीच. कुंडी बदलायची ती वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगू लागताच. पुण्यात किंवा नागपुरात हा तक्ता जसाच्या तसा पाळला की झाड हळूहळू खंगते, आणि पाळणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. मेपल, लार्च, बीच ही पानगळीची झाडे आहेत. हिवाळ्यात महिनोन्‌महिने थंडी मिळाली तरच त्यांची पुढची पालवी धड येते. हा दोष हाताचा नाही. तक्ता दुसऱ्या हवेत तयार झालेला असतो आणि एका पुस्तकातून पुढच्या पुस्तकात उतरत आलेला असतो. म्हणून पुस्तकावर पैसे घालण्याआधी त्याची वंशावळ पाहावी, असे मला मनापासून वाटते.

उथळ भांड्यात झाड लावण्याची रीत मूळची चीनची. तांग राजपुत्र ली शिआन याच्या 706 सालच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकांच्या हातात तशी भांडी दिसतात. पुस्तके फार पुढे आली, आणि आली ती दोन वेगळ्या वाटांनी. एक वाट आकाराची. 1679 मध्ये चीनमध्ये ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ अशा अर्थाच्या नावाची चित्रकलेची पुस्तिका छापली गेली. झाडाचे खोड कुंचल्याने कसे वळवावे, फांद्या एकमेकींना कशा छेदाव्यात, याचे धडे तिच्यात आहेत. ती जपानात पोहोचली आणि तिथल्या चिनी विद्येच्या रसिकांनी कागदावरचे ते आकार कुंडीत शोधायला सुरुवात केली. दुसरी वाट झाडांची. एदो (आजचे तोक्यो) शहराच्या सोमेई भागात रोपवाटिका चालवणाऱ्या इतो इहेई याने 1692 मध्ये ‘किन्शू माकुरा’ हे पुस्तक काढले. विषय एकच, अझेलिया. त्याने शेकडो वाण चित्रांसह नोंदवले. त्याच्या या पुस्तकाबद्दल मला विशेष आदर आहे, कारण तो स्वतःच्या वाफ्यात वाढणाऱ्या झाडांबद्दलच लिहीत होता.

या दोन वाटा पुढे एकाच पुस्तकात मिसळल्या आणि घोटाळा तिथून सुरू झाला. आकाराचे ज्ञान कुठेही नेता येते. झाडाचे ज्ञान त्या त्या पाऊस-थंडीला बांधलेले असते. वाचक मात्र दोन्ही एकाच विश्वासाने घेतो.

जपानची बोन्सायच्या झाडांची आजची यादी पक्की व्हायला विसावे शतक उजाडले. 1923 च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले काही बोन्साय व्यावसायिक मोकळ्या जागेच्या आणि चांगल्या पाण्याच्या शोधात ओमिया इथे गेले. 1925 मध्ये तिथे बोन्सायचे गावच वसले. 1934 पासून तोक्योत कोकुफू हे बोन्साय प्रदर्शन सुरू झाले. पाइन, शिंपाकू ज्युनिपर, मेपल हे मानकरी ठरले. मातीसुद्धा आसपासचीच. आकादामा म्हणजे कांतो मैदानातली ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती. पुस्तकात ती अशी लिहिलेली असते की तिच्यावाचून बोन्साय होतच नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे विटांचे तुकडे चाळून, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून झाडे उत्तम वाढवली जातात. पाणी झटकन निघून जावे आणि दाण्यांत थोडी ओल राहावी, एवढेच मुळांचे मागणे असते.

जपानबाहेर हे शास्त्र नेण्याचे सर्वांत मोठे काम 1957 च्या एका पुस्तकाने केले. युजी योशिमुरा तोक्योत परदेशी लोकांसाठी वर्ग घेत असत. त्या वर्गात जोव्हाना हालफोर्ड ही ब्रिटिश मुत्सद्द्याची पत्नी शिकत होती. दोघांनी मिळून लहान झाडे आणि तबकातले निसर्गदेखावे यांवर इंग्रजी पुस्तक लिहिले. वर्गातून जन्मल्यामुळे त्यात शिकवण्याची शिस्त आहे. खोड किती कलले आहे, खोडे किती आहेत, मुळे खडकावर आहेत की मातीत, अशा क्रमाने आकार समजावले आहेत. नंतरच्या कितीतरी लेखकांनी हीच मांडणी उचलली. दुर्दैव एवढेच की मांडणीबरोबर तोक्योचे महिनेही उचलले.

पहिला खरा फेरफार कॅलिफोर्नियात झाला. जॉन नाका यांचा जन्म 1914 चा, कोलोरॅडोतला. आठव्या वर्षी ते जपानला आजोबांकडे गेले, तरुणपणी परतले आणि पुढे लॉस एंजलिसमध्ये स्थिरावले. त्यांच्या ‘बोन्साय टेक्निक्स’चा पहिला खंड 1973 चा, दुसरा 1982 चा. नाका यांनी जपानी हात तसाच ठेवला आणि झाडे बदलली. वाळवंटातला कॅलिफोर्निया ज्युनिपर त्यांनी मानाला आणला. या पुस्तकाची खरी दौलत त्यातली रेखाटने. झाडाची दर्शनी बाजू कशी ठरवायची, पहिली फांदी कुठल्या उंचीवर ठेवायची, समोर येणारी फांदी का काढायची, हे त्यांच्या रेघांतून असे उमगते की हाताशी पाइन असो की पिंपळ, नजर तयार होते. कुणी मला एकच पुस्तक सांगा म्हटले, तर मी नाकांचा पहिला खंड सांगेन, आणि झाडांच्या वेळापत्रकाची पाने सोडून द्यायला सांगेन.

आपल्या हवेच्या सर्वांत जवळचा धागा मात्र हाँगकाँगहून येतो. वू यी-सन यांनी 1969 मध्ये मान लुंग बागेतल्या कुंडीतल्या झाडांवर पुस्तक काढले. ही दक्षिण चीनची लिंगनान परंपरा. तिचा भर फांद्या वळवायच्या तारेपेक्षा कात्रीवर. फांदी हवी तेवढी जाड होईपर्यंत मोकळी वाढू द्यायची, मग आखूड कापायची, आणि ज्या दिशेचा डोळा ठेवला त्या दिशेला नवी फांदी फुटू द्यायची. पुन्हा वाढवायची, पुन्हा कापायची. दर कापणीला फांदी एक वळण घेते आणि थोडी निमुळती होते. झाडे जवळजवळ वर्षभर फुटत राहतात अशा उबदार प्रदेशातच ही पद्धत इतकी बहरू शकते. आपल्याकडे ती तारेपेक्षा सोयीची, कारण भर वाढीच्या दिवसांत तार बघता बघता सालीत रुतते आणि तिचे वळ वर्षानुवर्षे जात नाहीत. लिंगनानच्या मानाच्या झाडांत एक आहे कुंती, जिला पुष्कळ जण कामिनी म्हणतात आणि जिची कुंपणे आपण रोज पाहतो.

युरोपात वेगळेच घडले. 1980 च्या दशकात हायडेलबर्गचे पॉल लेस्निविच यांच्यासारख्या लेखकांनी घरात ठेवायच्या बोन्सायवर पुस्तके लिहिली. बाहेर बर्फ असल्यामुळे फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या वंशातली झाडे त्यांना खिडकीच्या आत ठेवावी लागत, म्हणून तक्त्यात ती ‘इनडोअर’ या रकान्यात बसली. पुस्तके इथे आली, रकानाही आला. परिणाम असा की याच वंशातले नांदरूकसारखे उन्हातले, दणकट झाड दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवले जाते, पाने पिवळी पडून गळतात, आणि लोक जास्त पाणी घालून मुळेही कुजवतात. वडा-पिंपळाच्या देशात ही चूक मला फार लागते. फायकससाठी विश्वासाने हाती घ्यावे असे पुस्तक म्हणजे जेरी मिस्लिक यांचे 2004 चे. अमेरिकेतल्या मोंटानाच्या कडाक्याच्या थंडीत राहून त्यांनी ते केवळ याच वंशावर लिहिले, आणि वंशाची ओळख तपशिलात करून दिली.

नांदरूकची एक फांदी कापून पाहा. पांढरा चीक लगेच ठिबकू लागतो, पाण्याचा फवारा मारला की थांबतो. जोमात असलेल्या झाडाला कापाच्या मागे नवे डोळे फुटतात. निरोगी झाडाची सगळी पाने काढली तर पुढची पालवी लहान येते. पारंब्या मात्र दमट हवेत सुटतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्या सहज लोंबतात, देशावरच्या कोरड्या एप्रिलमध्ये सुटायचे नाव घेत नाहीत. चिंचेची गोष्ट आणखी वेगळी. पर्णिका मुळातच बारीक, त्यामुळे लहान झाडही मोठ्या वृक्षासारखे दिसते. पण फांदी लवकर कडक होते, म्हणून वळवायची ती कोवळी असतानाच. ‘फायकस’ किंवा ‘उष्ण प्रदेशातली झाडे’ असा एक परिच्छेद देऊन मोकळे होणाऱ्या पुस्तकात हे फरक सापडणार नाहीत.

दुकानात पुस्तक चाळताना मी आधी लेखक कुठे राहतो ते पाहतो. मग एकाच झाडाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आहेत का ते पाहतो, कारण फक्त सजलेल्या झाडांच्या फोटोंतून फांदी कधी कापली हे कळत नाही. मग कुंडी बदलण्याचे पान. तिथे महिन्याबरोबर झाडाची खूण दिलेली असेल, डोळे फुगलेत, नवी पालवी निघतेय, तर ते पुस्तक इथेही उपयोगी पडते. उरलेली माहिती माणसांकडून घ्यावी. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायही मांडलेले असतात. तिथल्या उंबराच्या किंवा करवंदाच्या मालकाला विचारावे की कुंडी कधी बदलली, मुळे किती कापली, त्या वर्षी पाऊस कधी आला. आणि मिळालेले उत्तर आपल्या पुस्तकातल्या तक्त्याच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवावे.