मावळांतील मुक्काम

चार दिवसांच्या सुटींत हवापालटासाठीं बाहेर पडणाऱ्या कुटुंबापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. स्टेशनाजवळ उतरावें कीं डोंगराच्या कडेला? गांवांत राहावें कीं तळ्याकांठीं? लोणावळ्यास जाणाऱ्यांना हा प्रश्न आजकालचा वाटतो. परंतु मावळांत तो दोन हजार वर्षांचा जुना आहे, आणि त्याचें पहिलें उत्तर खडकांत कोरलेलें आहे.

इंद्रायणीच्या खोऱ्यांत कार्लें व भाजें आणि पलीकडे पवनेच्या बाजूस बेडसें अशीं तीन ठिकाणचीं लेणीं प्रसिद्ध आहेत. देशावरून कोंकणांतील बंदरांकडे उतरणारा व्यापारी मार्ग याच भागांतून जात असे. बौद्ध भिक्षु एरव्हीं गांवोगांव हिंडत आणि पावसाळ्यांत एका जागीं स्थिर राहत. यालाच वर्षावास म्हणत. त्यासाठीं निवडलेली जागा पाहिली म्हणजे निवडणाराच्या विवेकाचें कौतुक वाटतें. पायथ्याच्या चिखलापासून ती वर आहे आणि माथ्यावरील वाऱ्यापासून खालीं. वस्ती इतकी जवळ कीं भिक्षेस जातां यावें. इतकी दूर कीं तिचा गलबला पोंचूं नये. आंत निजण्यास दगडी ओटे, बाहेर पाण्याचीं टांकीं. भाजें येथील एका टांक्यावर तें महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचें दान असल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या लेखांत तर क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठीं करजिक नांवाचें गांव दिल्याचें नमूद आहे. जागा, पाणी आणि अन्न, या तिहींचा विचार मुक्कामाच्या आधीं झालेला होता.

पुढें पेशवाईंत व इंग्रजी अमलाच्या आरंभीं मुक्काम ठरे तो बोरघाटाच्या चढावर. घाट चढण्यापूर्वीं खोपोलीस थांबावयाचें. तेथें नाना फडणीसांनीं महादेवाचें देऊळ व मोठा तलाव बांधविला होता. घाट चढून आलें कीं खंडाळ्यास विसांवा. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत गाडीरस्ता खुला झाला. १८५८ च्या जूनमध्यें पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली. पण घाट तिला अजून अडवीतच होता. खंडाळा व खोपोली यांमधील अंतर उतारूंना पालखींतून अथवा तट्टावरून काटावें लागे. सुमारें सोळा मैलांत १८३१ फूट चढणारा आणि २५ बोगदे असलेला लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं सुरू झाला, तेव्हां ही अडवणूक संपली.

अडवणूक संपली तेव्हां मुक्कामहि संपावयास हवा होता. झालें उलटेंच. जेथें थांबणें भाग होतें, तेथें लोक आतां हौसेनें थांबूं लागले. मुंबईच्या पारशी व गुजराती धनिकांनीं खंडाळ्यास व लोणावळ्यास बंगले बांधले. आरोग्यभुवनें व धर्मशाळा उभ्या राहिल्या. १८७७ सालीं लोणावळ्यास नगरपालिका झाली. १९२४ मध्यें स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें, आणि योगाभ्यासासाठीं येऊन राहणारा नवा पाहुणा गांवाला मिळाला. १९३० च्या जूनमध्यें डेक्कन क्वीन धांवूं लागली. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. प्रत्येक सुधारणेबरोबर प्रवास आंखूड झाला, आणि मुक्कामहि आंखूड होत गेला.

या प्रवाहांत एक मोठी उलथापालथ झाली, ती मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. भिक्षु पावसामुळें हिंडणें थांबवीत. आजचा पाहुणा पाऊस पाहण्यासाठींच हिंडावयास निघतो. पुण्यास वर्षाकांठीं तीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस होतो. लोणावळ्यास तो दीडशे इंचांवर जातो. एकोणिसाव्या शतकांत रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठीं बांधलेलें भुशी धरण आज वर्षासहलीचें माहेरघर झालें आहे. ३० जून २०२४ रोजीं त्याच धरणामागील धबधब्यांत, अकस्मात् चढलेल्या लोंढ्यांत, सहलीस आलेल्या एका कुटुंबांतील पांच जीव वाहून गेले. त्यानंतर सरकारी निर्बंध आले. पण डोंगरावर पडलेलें पाणी कोणत्या वाटेनें खालीं येतें, हें लेण्यांच्या शिल्पकारांस फलकावांचून कळत होतें.

खोलींतून दरी किती सुंदर दिसते, हें मुक्काम निवडतांना सर्वच पाहतात, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु घर ओढ्याच्या वाटेंत आहे काय, मागील उतार कापलेला आहे काय, पिण्याचें पाणी कोठून येतें आणि रात्रीं रस्ता बंद झाल्यास जवळ वस्ती आहे काय, हे प्रश्न त्याहून जुने आहेत. मावळांत ज्यांनीं ते आधीं विचारले, त्यांचीं घरें दोन हजार पावसाळे झेलून आजहि उभीं आहेत.