कमी दिवसाचं बाळ : डोळ्यांची तपासणी तीस दिवसांच्या आत का?

साक्री : बाळ कमी दिवसाचं जन्मलं, काचेच्या पेटीत राहिलं, वजन वाढून घरी आलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण डोळ्यांची एक तपासणी राहून गेली तर अशा बाळाची नजर कायमची जाऊ शकते. या आजाराला डॉक्टर ‘आरओपी’ म्हणतात.

आजार कसा होतो?
डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पोटात चौथ्या महिन्यापासून वाढू लागतात आणि दिवस पूर्ण भरेपर्यंत तयार होतात. बाळ आधीच जन्मलं तर हे काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त मिळाला तर वाढ थांबते. मग उरलेल्या भागात नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडद्याला ओढतात. पडदा सुटला की नजर जाते. ऑक्सिजन बाळाचा जीव वाचवतो, तो नको म्हणू नये. फक्त तो मोजून द्यावा लागतो.

देशागणिक फरक
हा आजार १९४२ साली अमेरिकेतील बोस्टन येथे पहिल्यांदा नोंदवला गेला. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्पबेल यांनी जास्त ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. आता त्या देशांत ऑक्सिजन काटेकोर मोजून देतात, म्हणून तिथे तो मुख्यतः फारच लहान बाळांना होतो. अमेरिकेत १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाची, अथवा ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेली बाळं तपासतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. उपचारामुळे कमी दिवसाची बाळं वाचू लागली, पण ऑक्सिजन मोजण्याची सोय सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे दीड किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून भारतातील नियम मोठा ठेवला आहे : वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या (साधारण पावणेआठ महिने) आधी. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ जास्त आजारी असलं तर त्यालाही तपासतात.

पालकांनी काय करावं?
• जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी करा. १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा २८ आठवड्यांच्या आतलं बाळ दोन-तीन आठवड्यांतच दाखवा.
• बाहेरून डोळा चांगला दिसतो, त्यावर जाऊ नका. बुबुळात पांढरं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.
• एकदा तपासून भागत नाही. डॉक्टर सांगतील त्या तारखांना, सगळं ठीक म्हणेपर्यंत जा.
• लेझर किंवा इंजेक्शन सांगितलं तर दोन-तीन दिवसांत करून घ्या. सव्वा महिना होऊ द्या, मग बघू, असं म्हणू नका.

साक्रीकरांसाठी
दहिवेल, पिंपळनेरकडच्या पाड्यांवरून धुळ्याला जाणं म्हणजे एक दिवस मोडतो. त्यात ऊसतोडीला गुजरातकडे निघालेल्या कुटुंबाची तारीख हमखास चुकते. सुट्टी घेतानाच डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून मागा. बाहेरगावी जाणार असाल तर कार्ड सोबत ठेवा, तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) या आजाराचा समावेश आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आणि ने-आण मिळते. आशाताईंना विचारा.