हिशोब एकाचा, चित्र दुसऱ्याचं: ग्नूप्लॉट आणि पाइपची गोष्ट

मी बोलतोय शहापूर तालुक्यातल्या सापगावातून. आजचा प्रश्न साधा आहे. हिशोब करणाऱ्या प्रोग्रामनेच आलेख काढायचा, की ते काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवायचं?

सुरुवात मुंबईतून करू. १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा इथेच बांधलेला संगणक कामाला लागला. त्याची स्मृती ४० बिटांच्या शब्दांची, म्हणजे जेमतेम काही किलोबाइट! आलेख दाखवायला त्याला कॅथोड रे ट्यूबचा पडदा जोडलेला होता. पण तो पडदा त्या एका यंत्राचाच. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० आला. यंत्र नवं, आज्ञा नव्या. टिफ्रॅकसाठी लिहिलेलं तिथे तसंच्या तसं चालणार कसं?

बाहेरही हीच अडचण होती. १९५९ च्या सुमारास कॅलकॉम्प कंपनीचा ड्रम प्लॉटर आला. कागद पुढेमागे सरकायचा, पेन आडवं फिरायचं. फोरट्रानमधून 'प्लॉट' हे सबरूटीन बोलवायचं आणि सांगायचं: एक्स इतका, वाय इतका, पेन खाली की वर. हे सगळं वैज्ञानिकाच्या प्रोग्रामातच मिसळलेलं. उपकरण बदललं की पुन्हा जुळवाजुळव.

उत्तर बेल लॅब्समधून आलं. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ही नळी, म्हणजे 'पाइप', प्रत्यक्षात आणली. १९८६ मध्ये थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांचा ग्नूप्लॉट आला. नाव सारखं असलं तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचं नातं नाही बरं का!

आता जोडणी बघा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतला सगळ्यात मोठा, भातसा, आमच्याच तालुक्यातला. समजा, त्याच्या पाणीसाठ्याचा हिशोब तुम्ही सी भाषेत करताय. 'पीओपेन'ने ग्नूप्लॉट सुरू करायचा. तुम्हाला फाइलसारखं एक टोक मिळतं. त्यात 'एफप्रिंटएफ'ने आधी आलेखाची आज्ञा लिहायची, मग दिवस आणि साठा, एकेका ओळीत. आकडे संपले की 'ई' हे एकच अक्षर. त्यानंतर 'एफफ्लश' हवंच, नाहीतर आकडे बफरमध्येच अडकतात आणि खिडकी कोरी राहते. शेवटी 'पीक्लोज'.

यात मिळतं काय? हिशोब चालू असतानाच रेघ डोळ्यांसमोर सरकते. धरण एका रात्रीत रिकामं झालेलं दिसलं की समजायचं, सूत्रात घोळ आहे. हजार आकड्यांच्या यादीत तो घोळ सहज निसटला असता.

आणि चित्र पडद्यावर हवं, पीएनजी फाइलमध्ये हवं, की नुसत्या अक्षरांनी रेखाटलेलं? 'सेट टर्मिनल'ची ओळ बदला, फाइल हवी असेल तर 'सेट आउटपुट'चीही. हिशोबाच्या कोडला हातही लावायचा नाही.

टिफ्रॅकच्या पडद्याला त्याचं यंत्र सोडून जाता येत नव्हतं. पाइपमधून जातात त्या साध्या अक्षरांच्या ओळी, आणि त्या कुठलंही नवं यंत्र वाचू शकतं. म्हणून कोड लिहाल तेव्हा हिशोब आणि चित्र वेगळं ठेवा. उद्या तुमचं काम दुसऱ्या कुणाला पुढे न्यायचं असेल, तर तो तुम्हाला दुवा देईल.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!